कर्करोग, फुप्फुसाचा : आनुवंशिक प्रवणता

मातापित्यांकडून आलेल्या जनुकांतील लहानमोठ्या भेदांमुळे फुप्फुसाचा कर्करोग होण्याचा संभव व्यक्तिपरत्वे कमीअधिक होतो, त्यास या रोगाची आनुवंशिक प्रवणता म्हणतात. हा रोग स्वतः आनुवंशिक नाही. रोग वारशाने येत नसून त्याला बळी पडण्याची वृत्ती काही प्रमाणात वारशाने येते, एवढाच या संज्ञेचा अर्थ होय. तंबाखूचा धूर हे या कर्करोगाचे प्रमुख कारण आहे, याविषयी आज दुमत नाही. तथापि आयुष्यभर विड्या ओढून नव्वदी गाठलेला एखादा आजोबा बहुतेक गावांत दाखविता येतो आणि धुराला कधीही न शिवलेली एखादी गृहिणी पन्नाशीतच या रोगाने दगावते. हे असे का व्हावे, या प्रश्नाचे जे अंशतः उत्तर मिळाले आहे, ते जनुकांच्या अभ्यासातून मिळाले आहे. मात्र ते उत्तर ‘माझी जनुके बळकट आहेत’ असे म्हणणाऱ्याला दिलासा देणारे नाही.

आनुवंशिक व कायिक बदल : कर्करोग हा कोशिकांतील डीएनएमध्ये घडणाऱ्या बदलांमुळे होतो, या अर्थाने प्रत्येक कर्करोग जनुकांचाच रोग होय. परंतु हे बदल दोन प्रकारचे असतात. काही बदल अंडकोशिका वा शुक्रकोशिका यांतून येतात. ते शरीरातील प्रत्येक कोशिकेत जन्मापासून असतात व पुढील पिढीत जाऊ शकतात. दुसऱ्या प्रकारचे बदल धूर, किरणोत्सर्ग किंवा कोशिका-विभाजनातील चुका यांमुळे फुप्फुसातील एखाद्या कोशिकेत आयुष्यात मागाहून घडतात. ते त्या कोशिकेच्या वंशापुरते, म्हणजे अर्बुदापुरते, मर्यादित राहतात. त्यांना कायिक बदल म्हणतात. हा भेद केवळ पुस्तकी नाही. रुग्णाच्या अर्बुदाचा तुकडा तपासून ‘ईजीएफआर जनुकात दोष आढळला’ असा निष्कर्ष हाती येतो, तेव्हा मुलाबाळांनाही हा रोग होणार अशा भीतीने कुटुंब खचून जाते. वस्तुतः हा दोष जवळजवळ नेहमी कायिक असतो. तो औषध निवडण्यास उपयोगी पडतो आणि मुलांच्या वारशाशी त्याचा संबंध नसतो. या नियमाला असलेला एक विरळा अपवाद पुढे दिला आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पहिल्या प्रकारच्या, म्हणजे वारशाने येणाऱ्या, बदलांचा विचार केला आहे. असा एखादा बदल समाजात बऱ्याच लोकांत आढळत असल्यास त्यास जनुकाचा रूपभेद म्हणतात.

फिशर यांचा आक्षेप : रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनमधील २० रुग्णालयांतील रुग्णांची पाहणी करून १९५० मध्ये सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा निकट संबंध दाखविला. त्याच वर्षी अमेरिकेत अर्न्स्ट वाइंडर व एव्हार्ट्‌स ग्रॅहॅम यांनीही तोच निष्कर्ष काढला. या निष्कर्षाला सर्वांत वजनदार विरोध रॉनल्ड फिशर (१८९०–१९६२) यांनी केला. आधुनिक सांख्यिकी व आनुवंशिकी या दोन्ही शास्त्रांच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. त्यांचे म्हणणे असे की, दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. एकच जनुक माणसास धूम्रपानाकडे ओढत असेल व तेच त्याच्या फुप्फुसात कर्करोगही उत्पन्न करीत असेल, तर धूर निर्दोष असूनही त्याच्या माथी दोष येईल. एकबीज जुळ्या भावांच्या धूम्रपानाच्या सवयी द्विबीज जुळ्यांपेक्षा अधिक सारख्या असतात, हे त्यांनी १९५८ मध्ये पुरावा म्हणून पुढे केले. फिशर स्वतः धूम्रपान करीत व तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते. परंतु एवढ्यावरून त्यांचा युक्तिवाद बाजूला सारता येणार नाही, कारण तो तर्कदृष्ट्या शक्य कोटीतील होता आणि त्याला पुराव्यानेच उत्तर देणे आवश्यक होते.

पहिले उत्तर १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले, तेही साध्या अंकगणिताने. सिगारेट ओढणाऱ्यांत हा रोग न ओढणाऱ्यांच्या नऊपट आढळतो असे धरले आणि त्याचे संपूर्ण श्रेय एखाद्या दडलेल्या जनुकाला द्यावयाचे ठरविले, तर ते जनुक ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांपेक्षा निदान नऊपट अधिक आढळले पाहिजे. एवढा प्रबळ घटक नजरेतून सुटणे संभवत नाही, असे त्यांनी दाखविले. फिशर यांचे कल्पित जनुक प्रत्यक्ष हाताला लागण्याचे साधन मात्र त्या काळी कोणाजवळच नव्हते. त्यासाठी पुढे जवळजवळ पन्नास वर्षे जावी लागली.

जुळ्यांच्या पुराव्याचे उत्तरही जुळ्यांनीच दिले. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. त्यांपैकी एक धूम्रपान करणारा व दुसरा न करणारा असेल, तर फिशर यांच्या मतानुसार दोघांचा धोका सारखा असावयास हवा. डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे व स्वीडन या देशांतील जुळ्यांच्या नोंदींवर आधारलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा जोड्या निवडण्यात आल्या. त्यांत धूम्रपान करणाऱ्या जुळ्याचा धोका न करणाऱ्या सहोदराच्या ५·४ पट आढळला. द्विबीज जुळ्यांत हेच प्रमाण ५·० पट होते. जनुके सारखी केली तरी धुराचा वाटा तसूभरही कमी झाला नाही. अशा जोड्या संख्येने थोड्याच असल्यामुळे या आकड्यांत अनिश्चितता बरीच आहे, परंतु त्यांचा रोख स्पष्ट आहे.

कुटुंबांतील आढळ : आनुवंशिकतेचा वाटा शून्य नाही, हेही लवकरच दिसून आले. जॉर्ज टोकुहाटा व एब्राहम लिलियनफेल्ड यांनी १९६३ मध्ये रुग्णांच्या रक्ताच्या नातेवाइकांत या रोगाने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा दुपटीहून अधिक असल्याचे दाखविले. धूम्रपान न करणाऱ्या नातेवाइकांतही हा फरक उरत होता. कुटुंबात केवळ जनुकेच वाटून घेतली जातात असे नाही. घरातील धूर, चुलीचा प्रकार, व्यवसाय व सवयी याही वाटून घेतल्या जातात, म्हणून अशा पाहण्यांचे निष्कर्ष जपून घ्यावे लागतात. २००४ मध्ये अनेक रुग्ण असलेल्या अमेरिकी कुटुंबांच्या अभ्यासातून सहाव्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेवरील एका भागाकडे बोट दाखविले गेले. त्यातील नेमके जनुक कोणते, याविषयी मात्र एकमत झालेले नाही.

एंझाइमांचा शोध : तंबाखूच्या डांबरातील बेंझोपायरीनासारखी बहुवलयी हायड्रोकार्बने शरीरात शिरतात तेव्हा ती तशी फारशी घातक नसतात. त्यांना पाण्यात विरघळण्याजोगे करून बाहेर टाकण्याच्या खटपटीत शरीरातील काही एंझाइमे त्यांचे अत्यंत क्रियाशील अशा रेणूंत रूपांतर करतात व हे रेणू डीएनएला जाऊन चिकटतात. इतर काही एंझाइमे या रेणूंना ग्लुटाथायोनाची जोड देऊन निरुपद्रवी करतात. पहिली एंझाइमे तीव्र व दुसरी मंद असतील, तर धोका अधिक, हा विचार सरळ व आकर्षक होता. १९७३ मध्ये अशा एका एंझाइमाची तीव्रता रुग्णांत अधिक आढळल्याचे वृत्त आले आणि मोठी खळबळ उडाली. इतर प्रयोगशाळांना मात्र तो निष्कर्ष पुन्हा मिळविता आला नाही. पुढील पंचवीस-तीस वर्षे या क्षेत्रात हेच घडत राहिले. शेदोनशे रुग्णांवर आधारलेला एखादा शोध गाजे आणि मोठ्या पाहणीत विरून जाई. या काळातील बहुतेक निष्कर्ष आज विसरले गेले आहेत व ते योग्यच झाले. त्यातून टिकलेली थोडी माहिती म्हणजे ग्लुटाथायोन जोडणाऱ्या एका एंझाइमाचे (जीएसटीएम १) जनुक यूरोपीय वंशाच्या सुमारे निम्म्या लोकांत मुळातच गहाळ असते व त्यामुळे धोका थोडासाच वाढतो.

निकोटीन ग्राहीचे जनुक : मानवी जीनोमाचा आराखडा हाती आल्यावर लाखो ठिकाणचे रूपभेद एकाच वेळी तपासणे शक्य झाले. कोणत्याही जनुकाविषयी आधीच अटकळ न बांधता हजारो रुग्ण व हजारो निरोगी व्यक्ती यांची तुलना करता येऊ लागली. एप्रिल २००८ मध्ये फ्रान्समधील लीआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, आइसलँडमधील एक गट आणि अमेरिकेतील एक गट अशा तिघांनी आपापले निष्कर्ष स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. तिघांच्याही शोधाची सुई एकाच जागी येऊन थांबली होती, ती म्हणजे पंधराव्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेवरील २५ व्या पट्ट्यावर. तेथे निकोटीन ज्यांना जाऊन चिकटते त्या ग्राही प्रथिनांच्या तीन उपघटकांची जनुके शेजारी शेजारी वसलेली आहेत. त्यांपैकी अल्फा-५ या उपघटकाच्या ३९८ व्या स्थानी ॲस्पार्टिक अम्लाऐवजी ॲस्परजिन हे ॲमिनो अम्ल आणणारा रूपभेद यूरोपीय वंशाच्या लोकांतील या जनुकाच्या सुमारे एक-तृतीयांश प्रतींत आढळतो. पूर्व आशियात व आफ्रिकेत तो विरळ आहे. या रूपभेदाची एक प्रत असल्यास रोगाचा धोका सुमारे १·३ पट आणि मातापिता दोघांकडूनही तो आलेला असल्यास सुमारे १·८ पट होतो.

हा रूपभेद कर्करोग थेट उत्पन्न करतो की माणसास अधिक धूम्रपान करावयास लावतो, यावरून तिन्ही गटांत मतभेद झाला. आइसलँडच्या गटाला प्रत्येक प्रतीमागे रोजची सुमारे एक सिगारेट वाढलेली दिसली. एका सिगारेटीने धोका तीस टक्क्यांनी वाढणे शक्य नाही, तेव्हा रूपभेदाचा फुप्फुसावर थेट परिणाम असला पाहिजे, असे इतर काहींचे मत पडले. या कोड्याची उकल सिगारेटींची मोजदाद सोडून दिल्यावर झाली. निकोटिनापासून शरीरात तयार होणारे कोटिनीन मोजले, म्हणजे माणसाने सिगारेटी किती ओढल्या हे नव्हे, तर धूर किती आत घेतला हे कळते. हा रूपभेद असलेले लोक प्रत्येक झुरका अधिक खोल व अधिक वेळ घेतात आणि तितक्याच सिगारेटींतून अधिक निकोटीन (व अर्थातच त्याबरोबर अधिक डांबर) आत ओढतात. कोटिनिनाच्या प्रमाणावरून २०१२ मध्ये केलेल्या हिशेबात धोक्यातील जवळजवळ सर्व वाढ एवढ्यानेच स्पष्ट झाली. यामागील यंत्रणा २०११ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून उलगडली होती. निकोटिनाची मात्रा जास्त झाली की, मेंदूतील हॅबेन्यूला या लहानशा भागाकडून ‘पुरे’ अशा अर्थाचा नावडीचा संदेश निघतो व प्राणी थांबतो. अल्फा-५ उपघटक नसलेल्या उंदरांत हा संदेश क्षीण होतो आणि ते थांबत नाहीत. मनुष्यातील रूपभेदाने ग्राही निकाम्या होत नाहीत, केवळ मंदावतात, पण त्यांचा कल तोच आहे.

अशा रीतीने फिशर यांनी कल्पिलेले, धूम्रपान व कर्करोग या दोहोंशी संबंध असलेले जनुक अखेर सापडले, परंतु त्याने त्यांचा पक्ष उचलून धरला नाही. कोण सिगारेट सुरू करील हे हा रूपभेद ठरवीत नाही. ओढणाऱ्यांत व न ओढणाऱ्यांत त्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच असते. कॉर्नफील्ड यांना हवे असलेले नऊपट अंतर येथे कोठेच नाही. सुरुवातीच्या काही पाहण्यांत धूम्रपान न करणाऱ्यांतही त्याचा परिणाम भासला होता, परंतु मोठ्या पाहण्यांत तो टिकला नाही. आशियातील धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांच्या २०१२ मधील विस्तृत अभ्यासात हे स्थान पूर्णपणे मूक राहिले. धूर नसेल तेथे या जनुकाला करण्यासारखे काही उरत नाही.

या परिणामाचे परिमाण लक्षात येण्यासाठी एक ढोबळ हिशेब उपयोगी पडेल. ब्रिटनमधील १९९० च्या सुमारासच्या आकड्यांनुसार धूम्रपान चालू ठेवणाऱ्या पुरुषाला वयाच्या ७५ वर्षांपर्यंत फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा संभव सुमारे १६ टक्के होता. वरील प्रमाणे लावून ही सरासरी तीन गटांत विभागली, तर रूपभेद नसलेल्यांचा धोका सुमारे १३, एक प्रत असलेल्यांचा सुमारे १७ व दोन प्रती असलेल्यांचा सुमारे २३ टक्के येतो. म्हणजे ‘बळकट’ जनुकांच्या धूम्रपान करणाऱ्यालाही दर आठांमागे एक या प्रमाणात मृत्यूची शक्यता उरतेच. याउलट त्याच आकड्यांनुसार पन्नाशीत सिगारेट सोडणाऱ्यांचा धोका ६ टक्के, चाळिशीत सोडणाऱ्यांचा ३ टक्के व तिशीत सोडणाऱ्यांचा २ टक्के होता. कधीही न ओढणाऱ्यांचा धोका एक टक्क्याहून कमी आहे.

निकोटिनाशी संबंधित आणखी एका जनुकाचा उल्लेख आवश्यक आहे. यकृतात निकोटिनाचे विघटन करणाऱ्या एंझाइमाचे (सीवायपी २ ए ६) जनुक जपानमधील बऱ्याच लोकांत लुप्त असते. अशा लोकांच्या रक्तात निकोटीन अधिक काळ टिकून राहते, त्यांना सिगारेटींची गरज कमी भासते व त्यांच्यातील रोगाचे प्रमाणही कमी आढळते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २९ हजारांहून अधिक रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात धोक्याशी निगडित अशी १८ स्थाने निश्चित झाली. त्यांतही हे स्थान व निकोटीन ग्राहीच्या आणखी एका उपघटकाचे जनुक यांचा समावेश आहे.

धूम्रपान न करणाऱ्यांतील कर्करोग : येथील चित्र निराळे आहे. पाचव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेच्या टोकाजवळ टेलोमरेज या एंझाइमाचे जनुक आहे. गुणसूत्रांची टोके (टेलोमियर) प्रत्येक विभाजनागणिक झिजतात. हे एंझाइम ती झीज भरून काढते. टोके अधिक लांब ठेवणाऱ्या रूपभेदांनी फुप्फुसातील ग्रंथिकर्करोगाचा धोका वाढतो. लांब टोकांच्या कोशिकांना विभाजनाची मुभा अधिक काळ मिळते व चुका साठण्यास वेळही अधिक मिळतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. दीर्घायुष्याचे गमक म्हणून ज्या लांब टोकांची वाखाणणी केली जाते, त्यांचीच ही दुसरी बाजू होय. पूर्व आशियातील कधीही धूम्रपान न केलेल्या स्त्रियांत या स्थानाचा परिणाम विशेष ठळक असून एका प्रतीने धोका सुमारे दीडपट होतो.

धूम्रपान न करणे म्हणजे धूर नसणे नव्हे. चीनमधील युन्नान प्रांतातील श्वानवेई परगण्यात स्त्रिया सिगारेट क्वचितच ओढत, तरी त्यांच्यातील या रोगाचे प्रमाण देशात अतिशय उच्च होते. घरात धुराड्याविना जाळला जाणारा दगडी कोळसा हे त्याचे कारण ठरले. ग्लुटाथायोन जोडणारे वर उल्लेखिलेले जनुक ज्यांच्यात गहाळ होते, त्यांना हा धूर अधिक बाधला. पुढे घरोघरी धुराडी बसविल्यावर रोगाचे प्रमाण ४० ते ४५ टक्क्यांनी उतरले, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. जनुके अर्थातच होती तशीच राहिली होती.

विरळ पण प्रबळ बदल : वर वर्णिलेले रूपभेद सामान्य पण दुर्बल आहेत. याउलट थोड्या कुटुंबांत एकच बदल मोठा परिणाम करतो. ली-फ्राउमेनी लक्षणसमूहात (१९६९) पी ५३ प्रथिनाच्या जनुकातील आनुवंशिक दोषामुळे लहान वयापासून अनेक प्रकारचे कर्करोग होतात व त्यांत फुप्फुसाचाही समावेश होतो. स्तनाच्या कर्करोगाशी निगडित म्हणून परिचित असलेल्या बीआरसीए २ जनुकाच्या टोकाकडील एक विरळ रूपभेद शल्की (चपट्या) कोशिकांच्या फुप्फुस-कर्करोगाचा धोका सुमारे अडीचपट करतो, असे २०१४ मध्ये आढळले. ईजीएफआर जनुकातील दोष कायिक असतो या नियमाचा प्रारंभी सूचित केलेला अपवाद असा : या प्रथिनाच्या ७९० व्या स्थानचा बदल सामान्यतः औषधोपचार सुरू झाल्यानंतर, औषधाला दाद न देणाऱ्या अर्बुदात उद्‌भवतो. परंतु तो वारशाने आलेले एक कुटुंब २००५ मध्ये वर्णिले गेले. म्हणून उपचारापूर्वीच अर्बुदात हा बदल आढळल्यास रक्ताची तपासणी करून तो आनुवंशिक आहे काय, हे पाहणे इष्ट असते.

भारतातील स्थिती : वर दिलेले बहुतेक निष्कर्ष यूरोपीय वंशाच्या व पूर्व आशियातील लोकांच्या पाहणीवर आधारलेले असून भारतीयांची अशी विस्तृत पाहणी अजून तुटपुंजी आहे. परदेशी आकडे येथे जसेच्या तसे लावणे बरोबर नाही. रूपभेदांची वारंवारता निराळी, तशीच धुराची जातही निराळी. मुंबईत डी. जे. जस्सावाला व डी. के. जैन यांनी केलेल्या पाहणीत (१९७९) बिडी ओढणाऱ्यांचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा कमी नसल्याचे दिसून आले होते. मुंबईच्याच टाटा स्मारक रुग्णालयातील रुग्णांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे निम्म्या रुग्णांनी कधीही धूम्रपान केलेले नव्हते. अशा रुग्णांत चुलीचा धूर, शहरातील हवा, दुसऱ्यांचा धूर आणि जनुके यांचे वाटे किती, हा येथील संशोधनाचा सर्वांत निकडीचा प्रश्न होय.

परीक्षणाची उपयुक्तता : अनेक रूपभेदांची बेरीज करून व्यक्तीचा धोका अंकाने सांगण्याच्या पद्धती निघाल्या आहेत. मात्र वय आणि धूम्रपानाचा इतिहास एवढ्यावरून जे अनुमान निघते, त्यात या अंकाने फारशी भर पडत नाही. कमी मात्रेच्या क्ष-किरण सीटी तपासणीने या रोगाचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटतात, हे अमेरिकेतील मोठ्या चाचणीत २०११ मध्ये सिद्ध झाले. त्या तपासणीसाठी व्यक्तींची निवडही वय व धूम्रपान यांवरूनच केली जाते. आनुवंशिक धोका समजल्यावर माणसे धूम्रपान सोडतात, ही अपेक्षाही फोल ठरली आहे. अशा अनेक प्रयोगांचे २०१६ मध्ये एकत्रित परीक्षण झाले, तेव्हा सवयींवर काहीच परिणाम आढळला नाही. अल्फा-५ रूपभेदाच्या दोन प्रती असलेल्यांना सिगारेट सोडणे खरोखरच अधिक जड जाते. त्यांचे सोडण्याचे मध्यम वय सुमारे चार वर्षांनी पुढे जाते आणि रोगाचे निदान सुमारे चार वर्षे आधी होते. सोडल्यानंतर धोक्यात होणारी घट मात्र त्यांच्यात व इतरांत सारखीच आढळली आहे. [⟶ आनुवंशिकी, कर्करोग, जुळे, तंबाखू].